पोचल्यास कळवावे

नंदा शिरसाटने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि तो संदेश तिसऱ्यांदा वाचला. 'आनंदाची बातमी!' अशी सुरुवात होती. एक तारखेपासून 'पाखरू' नव्या रूपात येणार होतं, आणि वापरायचं तर वर्षाची वर्गणी भरावी लागणार होती.

"आनंद कुणाला?" ती फोनला म्हणाली आणि पुढचा मटार सोलायला घेतला.

पाखरू हे तिचं ईमेलचं ॲप. निवृत्त झाल्यावर भाचीने फोनमध्ये घालून दिलेलं. अक्षर मोठं, मराठी स्वच्छ, जाहिराती नाहीत. बुधवार पेठेतल्या एका प्रकाशकाकडून मुद्रितं तपासायला याच ॲपमध्ये यायची आणि दुरुस्त्या इथूनच परत जायच्या. वारज्याच्या या दोन खोल्यांत दिवसभरात जी काय हाक ऐकू यायची ती पाखराची, मेल आला की वाजणारी. दारावरची घंटा आठवड्यातून एकदा वाजायची, ती इस्त्रीवाल्याची.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. आम्रपाली हिंजवडीला नोकरी करत होती आणि कंपनीच्या बसमध्ये अडकून पडली की आत्याला फोन करायची. बस रोज अडकत नसे.

"आत्या, घेऊन टाक ना सबस्क्रिप्शन. एका पिझ्झ्याएवढे पण नाहीत महिन्याला."

"मी महिन्याला पिझ्झा खात नाही."

"बरं, मी भरते. ओके?"

"प्रश्न भरण्याचा नाहीये गं."

"मग कशाचा आहे?"

इतकी वर्षं आपलं म्हणून वापरावं, आणि एके सकाळी कुणीतरी नम्रपणे कळवावं की आपण तिथे नुसते पाहुणे होतो, हे नंदाला लागलं होतं. पण बसमध्ये उभ्या असलेल्या मुलीला हे काय सांगायचं!

"दुसरं कुठलं तरी सुचव," ती म्हणाली.

आम्रपालीने तीन सुचवली.

पहिलं चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी प्रकाशकाकडच्या पृथ्वीराजचा फोन आला. माणूस पस्तिशीचा, बोलणं पेठेतलं.

"बाई, तुमच्या दुरुस्त्या मिळाल्या. त्यात चौकोन आहेत."

"कसले चौकोन?"

"तेच विचारायचं होतं. सत्तावन्न भरले. नेमके कुठल्या पानावर घालू?"

त्याने उत्तराचा मेलही पाठवला होता. त्याखाली तिच्या स्वतःच्या ओळी परत आल्या होत्या, आणि जिथे जोडाक्षर होतं तिथे चौकोन होता. नंदाने सगळ्या दुरुस्त्या पुन्हा टाइप केल्या आणि ते ॲप काढून टाकलं.

दुसऱ्यात मराठी नीट होतं, पण ते स्वतःला फार हुशार समजत असे. महत्त्वाचे मेल कोणते हे तेच ठरवायचं. त्याने पृथ्वीराजला जाहिरातींच्या कप्प्यात टाकलं आणि गॅसच्या नोंदणीला महत्त्वाचं मानलं. तेही गेलं.

तिसरं साधं होतं. उघडल्यावर त्याने तिचा सगळा जुना पत्रव्यवहार आत ओढून घेतला, पाच-दहा मिनिटं चक्र फिरवलं आणि मग एक यादी दाखवली. वर लिहिलं होतं, 'तुमच्या जवळची माणसं'.

पहिलं नाव राधाचं होतं.

त्याखाली पृथ्वीराज, मग बँक, मग आम्रपाली. यंत्राने नुसते मेल मोजले होते. शेवटचा कधीचा, हे पाहिलं नव्हतं. राधाचा शेवटचा मेल दहा वर्षांपूर्वीचा होता.

नंदाने फोन पालथा ठेवला. गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या, एक घडी मोडून पुन्हा घातली.

सरकारी कार्यालयाच्या अनुवाद शाखेत दोघींची टेबलं चोवीस वर्षं शेजारी होती. एकीने भाषांतर करायचं, दुसरीने तपासायचं. पुढच्या मसुद्याला उलट. शेजारी बसूनही त्या एकमेकींना मेल करत. साहेबांच्या मराठीबद्दल, डब्यातल्या भाजीबद्दल, राधाच्या सासूबद्दल. अगंतुगंचं नातं होतं. मग नंदाला अधीक्षकपदाची बढती मिळाली. विभागीय परीक्षेत ती पहिली आली होती. पेढ्यांचा बॉक्स घेऊन ती चहाच्या खोलीकडे गेली तेव्हा आतून राधाचा आवाज आला.

"त्यांचं काय बाई, त्यांच्यासाठी जागा राखलेलीच असते."

कुणीतरी हसलं. राधाने मान वळवली आणि दारात नंदा दिसली. नंदाने आत जाऊन सगळ्यांना पेढे दिले, राधालाही दिला. त्यानंतर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं दोघी एकमेकींना 'अहो' म्हणाल्या. "तुम्ही पाहिलंत का?" "हो, तुमच्याकडे पाठवलंय." भांडण झालंच नाही, त्यामुळे ते मिटवायला कुणी मध्ये पडलंही नाही. लोकांना वाटलं, शिरसाटबाई साहेब झाल्या म्हणून राधाताई मान देतात.

आता या तिसऱ्या ॲपची परीक्षा घ्यायला हवी होती. पुन्हा चौकोन गेले तर पृथ्वीराज काम दुसऱ्या कुणाला देईल, आणि मग दिवसभर ऐकायला काय उरणार होतं? तिने आम्रपालीला चार ओळी पाठवल्या आणि खाली लिहिलं, 'जोडाक्षरं दिसतात का पाहा.' मिनिटभरात उत्तर आलं, एक वर केलेला अंगठा. पोरीने मेल उघडला तरी होता का? अशा वेळी लोक 'देव जाणे' म्हणतात. नंदा नुसतंच "कोण जाणे" म्हणाली.

हे पाहायला डोळा हवा होता. निसटलेला काना, पाय मोडलेला 'त', एका नजरेत टिपणारा. असा एकच माणूस तिला माहीत होता आणि त्याचं नाव यादीत सगळ्यांत वर होतं.

दोन दिवस तिने काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवण उरकल्यावर, ती टेबलाशी ताठ बसली, कार्यालयात बसायची तशी, आणि एक वाक्य टाइप केलं.

'कृष्णेच्या स्वच्छ पात्रात ऱ्हस्व आणि दीर्घ पोहायला उतरले. दीर्घ बुडाला, ऱ्हस्व तज्ज्ञ निघाला.'

शाखेत पहिल्यांदा संगणक आले तेव्हा दोघींनी मिळून हे वाक्य रचलं होतं, अवघड अक्षरं उमटतात का ते बघायला. बुडणं राधाचं, तज्ज्ञ नंदाचा. तेव्हा इतकं हसू लोटलं होतं की साहेब बाहेर आले होते. त्याखाली तिने लिहिलं, 'नवीन ॲपची चाचणी. पोचल्यास कळवावे.' कर्ता नाही, संबोधन नाही. सरकारी मराठीची ही एक सोय आहे. कुणालाही काही न म्हणता सगळं सांगता येतं.

पाठवल्याबरोबर तिला पस्तावा झाला. पत्ता जुना होता, राधाने तो कधीच सोडला असेल. पण मेल परत आला नाही. उत्तरही आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी पाखरू बंद पडलं. उघडलं की वर्गणीचा फलक तेवढा दिसे. नंदाने नवं ॲपही काढून टाकायचं ठरवलं. आम्रपालीला सांगावं, भर बाई तुझे पिझ्झ्याचे पैसे. ती काढून टाकण्याची खूण शोधत असतानाच वर एक ओळ झळकली.

राधा.

नंदाने ती लगेच उघडली नाही. आधी पंख्याचं बटण बंद केलं. का केलं, तिचं तिलाही कळलं नाही.

'पोचली. परंतु "तज्ज्ञ" मधला ज्ञ तुटला आहे. "ऱ्हस्व" मधला ऱ्ह तर दिसतच नाही. पुन्हा पाठव.'

एवढंच. वर 'सप्रेम' नाही, खाली नाव नाही. नंदाचा चेहरा उतरला. म्हणजे हेही ॲप गेलं. तिने बोटाने मजकूर वर सरकवला, आणि उत्तराखाली तिचं स्वतःचं वाक्य परत आलेलं दिसलं.

कृष्णा शाबूत होती. स्वच्छ शाबूत होतं. ऱ्हस्वातला ऱ्ह, तज्ज्ञातला ज्ञ, सगळं जिथल्या तिथे होतं. एकही चौकोन नव्हता. पृथ्वीराजकडून मोडलेलं मोडकंच परत आलं होतं. वाटेत कुणी जोडून देत नाही. तिने वाक्य अक्षरशः बोट ठेवून वाचलं, मुद्रित वाचतात तसं. चूक नव्हती.

मग ती पुन्हा वर गेली, शेवटच्या दोन शब्दांवर.

पुन्हा पाठव.

'पाठवा' नव्हतं. चोवीस वर्षांत राधाच्या हातून काना निसटल्याचं नंदाने एकदाही पाहिलं नव्हतं.

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तो पिपाणीसारखा आवाज बराच वेळ चालला आणि थांबला. नंदाला आठवलं, राधाचा मुलगा परदेशी गेला असं कुणीतरी म्हणालं होतं. सासू तर केव्हाच गेली असेल. नवऱ्याचं काय, ते तिला माहीत नव्हतं. तिने विचारलंच नव्हतं कुणाला.

तिने उत्तराची चौकट उघडली. 'पुन्हा पाठवते आहे' असं लिहिलं. ते सोपं होतं. तेच वाक्य पुन्हा जाईल, पुन्हा कुठलं तरी अक्षर तुटलेलं निघेल, पुन्हा पाठव म्हणून येईल. असे महिने काढता आले असते, दोघींनाही. तिचा अंगठा काचेवर थांबला. मग तिने ते तीन शब्द एकेक अक्षर करत मागे खोडले.

'अक्षरं तुटलेली नाहीत,' तिने लिहिलं. 'पेढे वाटले त्या दिवशी मी दारात होते. तू मला पाहिलंस. आधी त्याबद्दल लिही. मग बाकीचं.'

सवयीने तिने ते एकदा वाचून काढलं. एक अनुस्वार दिला. 'लिही'चं 'लिहावे' करावं का, म्हणून क्षणभर बोट रेंगाळलं, पण केलं नाही, आणि मेल पाठवून दिला.

त्यानंतर तिने पंखा सुरू केला. पृथ्वीराजची तीस पानं तपासायची राहिली होती, ती समोर ओढली. पहिलं पान दोनदा वाचूनही त्यात काय आहे ते तिला कळलं नाही. पाच वाजता फोन वाजला तेव्हा ती अजून पहिल्याच पानावर होती.

फोन नुसता वाजून थांबला नाही. मेल नव्हता तो. कुणीतरी फोन करत होतं, आणि नंबरावर नाव नव्हतं.

तिने तो उचलला. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं, बोलायच्या आधी घ्यावा तसा.

"बोल," नंदा म्हणाली. "ऐकतेय मी."