बुडाजवळची चकचकीत रेघ

मित्रांनो, मी रायफलच्या काडतुसाचे जुने पितळी कवच आहे. जुने म्हणजे वयाने नव्हे. पाच बार झाले की आम्ही जुने होतो.

पितळेच्या एका चकतीतून मला ओढून ओढून लांब केले गेले. मला बूड मिळाले, खांदा मिळाला, निमुळती मान मिळाली. इतर कवचांबरोबर मी चेन्नईला आले आणि श्रीपेरुंबुदूरच्या पलीकडच्या एका रायफल क्लबात राहू लागले. तिथे परवान्याने काडतुसे पुन्हा भरली जात. ते काम वेंकटरमणराव करत. ते तंजावरकडच्या मराठी घरातले, निवृत्त शिक्षक. आमच्या खोक्यातली काडतुसे घेऊन नेम धरायची ती स्वरदा. ती पुण्याहून इथल्या मोटार कारखान्यात नोकरीला आली होती.

बार झाला की आम्ही फुगतो आणि रायफलच्या कोठीच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, मापाचे होतो. पुन्हा वापरण्याआधी आम्हाला डाय नावाच्या पोलादी साच्यात दाबून मापावर आणतात. वेंकटरमणराव मला मेण चोळत, डाय बसवलेल्या प्रेसचा दांडा ओढत आणि माझा खांदा केसभर मागे सरकवत. केसभरच. दोन बार असे सुखाने गेले. "शहाणं पितळ आहे," असे ते मला म्हणत.

मग आयुधपूजा आली. चेन्नईत त्या दिवशी शिवणयंत्रापासून रिक्षापर्यंत सगळे धुऊन पुसून त्याला चंदन-कुंकू लावतात. वेंकटरमणरावांनीही डाय प्रेसमधून काढली, तिची खोली पक्की धरणारा लॉक-नट सोडवला, दोन्ही धुतले आणि त्यांना गंध लावले. डाय आधी प्रेसमध्ये किती खोल बसली होती याची खूण मात्र त्यांनी केली नव्हती.

पूजेनंतर दाबलेले पहिले कवच कोठीत अडले. कोठी मागून बंद करणारी सरकती दांडी, म्हणजे बोल्ट, बंद होईना. तेव्हा त्यांनी डाय खाली फिरवली, तळाला टेकली तरी आणखी थोडी फिरवली. दुसऱ्या खेपेला मी आत गेले ती अलगद.

"काका, लोण्यासारखा बसतोय बोल्ट!" स्वरदा म्हणाली.

"मग? चंदन लागलं की लोखंडालासुद्धा अक्कल येते गे अम्मा. तुम्ही पुण्याची माणसं नुसता झेंडू वाहता."

दोघे हसली. मला मात्र कोठीत सैल वाटत होते. माझा खांदा आता केसभर नव्हे, पाव मिलिमीटर मागे गेला होता. एवढीच ती फट. पण बार होताच माझे पुढचे अंग कोठीच्या भिंतीला चिकटले आणि बूड मागे रेटले गेले. मधले पितळ ताणले. नंतर डायने मला पुन्हा तितकेच मागे ढकलले. पुढच्या बाराला पुन्हा ताण. माझ्या आत, बुडाच्या जरा वर, एक खाच पडू लागली. बाहेरून तिथे फक्त एक बारीक चकचकीत रेघ दिसे.

मी तुटले असते तर तापलेला वायू मागे आला असता. मागे स्वरदाचा चेहरा असे. हे मला ठाऊक होते आणि सांगण्याची सोय नव्हती. बोल्ट दर वेळी गुळगुळीत बंद होई. सगळे खूश होते.

पाचव्या बारानंतर स्वरदाची वर्षातून एकदाच होणारी निवड स्पर्धा चार दिवसांवर आली. स्वरदा मला पुसत होती. ती थांबली.

"काका, ही रेघ बघितलीत?"

"डायची खूण असेल ती. घासली की जाते."

"डायची खूण असेल तर आत काही लागणार नाही." तिने कागद लावायची तारेची क्लिप सरळ केली, टोक वाकवले आणि माझ्या आतून हळूच वर ओढले. "इथे अडकतेय. धरून बघा."

त्यांनी तार धरली नाही. "अय्यो, स्पर्धा रविवारी आणि तुला शंका आता! नवी कवचं यायला चार महिने. हा रविवार गेला की वर्ष गेलं, कळतंय ना?"

"कळतंय. पण डोळा माझा आहे, काका."

मग वेंकटरमणराव उठले आणि करवत घेऊन आले.

त्यांनी मला उभे चिरले. भिंत इतर ठिकाणी चांगली जाड होती. खाचेपाशी ती कांद्याच्या पापुद्र्याएवढी उरली होती, आणि एका जागी तिच्यातून खिडकीचा उजेड दिसत होता.

"त्या दिवशी धुताना खूण केली नाही मी," ते म्हणाले. "वर तुला हसवलं."

स्वरदाने त्यांच्या हातातली करवत काढून बाजूला ठेवली. स्पर्धेला ती गेली नाही. कुणाला मोह होऊ नये म्हणून त्यांनी खोक्यातले एकेक कवच हातोडीने चेपले. आता बार झालेले कवच आधी मोजून मगच ते डाय बसवतात आणि लॉक-नटवर लाल रंगाची रेघ ओढतात.

मित्रांनो, कुरकुरणाऱ्या वस्तूकडे तुम्ही लगेच बघता. अडणारी वस्तू एकाएकी मुकाट चालू लागली, तर तेव्हाही थांबा. ती का सुधारली ते विचारा. तिला उलटी करून आत बघा. आम्हाला तक्रार करता येत नाही. आम्ही तक्रारीचा आवाज एकदाच करतो, तुटताना, आणि त्या वेळी कुणाचा तरी डोळा आमच्यापासून वीतभर अंतरावर असतो.