मालकाच्या दारी गेलेली चिठ्ठी

मी एक चिठ्ठी आहे. नळदुरुस्ती करणाऱ्या एका बाईने पाना-पक्कड बाजूला सारून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला लिहिलं. तीनदा फाडलं, चौथ्यांदा मी जन्मले.

भाडेकरू राहत असलेलं एखादं घर तिला विकत घ्यायचं होतं. दलालांकडची घरं तिच्यापर्यंत पोचायच्या आतच खपत. म्हणून जे घर विकायला काढलेलंच नाही, त्याच्या मालकाला ती थेट लिहायची. माझ्या आधी अकरा चिठ्ठ्या गेल्या होत्या. एकीलाही उत्तर नव्हतं. "नाही म्हणतील, खाणार थोडेच आहेत!" असं पुटपुटत तिने मला पाकिटात घातलं.

मी पोचले एका निवृत्त मास्तरांकडे. पहिल्या दोन ओळींतच ते भडकले. "घर विकायचंय असं हिला सांगितलं कुणी?" मला चुरगाळून त्यांनी टोपलीत भिरकावलं. त्यांच्या बहिणीने मला उचलून मांडीवर सरळ केलं. "दादा, पुढचं ऐक तरी."

पुढे लिहिलं होतं, 'तुमच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या आजींचा नळ दुरुस्त करायला आले, तेव्हा गच्चीवर गेले होते. टाकीखालची भिंत फुगली आहे. घर मला देऊ नका हवं तर, पण भिंत आजच बघा. दिलंत, तर आजींना मी कधीच उठवणार नाही.'

मास्तर तडक त्या घराच्या गच्चीवर गेले. काठी टेकवताच भिंतीचा पोपडा सुटून ओली माती घळघळली. त्याच दिवशी गवंडी आला. टाकीच्या बरोबर खाली आजींची खाट होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी बाईला बोलावलं. "अगं, गप्प बसली असतीस, तर पुढे पडेल भावात मिळालं असतं घर."

"काका, खाली माणूस झोपतं हो."

घराची देखभाल आता झेपत नाही, हे मास्तरांनाही कळत होतं. तीन महिने त्यांनी विचार केला; तिने एकदाही घाई केली नाही. मग त्यांनी घर तिलाच दिलं.

सह्या झाल्यावर मास्तरांचा हात घराच्या जिन्याच्या कठड्यावरून सुटेना. ते पाहून बाई म्हणाली, "काका, आजींकडे भाडं मागायची मला भीड वाटते. दर महिन्याला तुम्हीच याल का?"

अशी बाई माझी लेखिका, याचा मला अभिमान आहे. ती आता तळमजल्यावर राहते आणि घराच्या कागदांसोबत परत आलेली मी तिच्या फायलीत. तुम्हालाही कुणाकडे काही मागायचं असेल, तर थेट मागा, खरं सांगून मागा. बरं, येते. जिन्यात पावलं वाजताहेत. मास्तर भाडं मागायला आलेत, म्हणजे आता वर दोन तास गप्पा!