तेल पाजलेली दोरी

ज्याच्या बळावर दुसऱ्याचा जीव विसंबून असतो, त्याचे बळ सरल्यावरही त्याला राबवणे हा अधर्म होय. आणि त्या राबवण्याला माया असे गोड नाव दिल्याने त्यातला दोष तिळमात्र कमी होत नाही. मित्रांनो, हे मी ऐकीव सांगत नाही. मी फ्लाय फिशिंगची एक जुनी, पिवळी दोरी आहे, आणि माझ्या मनातला संताप अद्याप शमलेला नाही.

साध्या गळाला शिसे बांधतात. त्या भाराने तो दूर जातो. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर पिसांचा कीटक बांधलेला असतो. त्याला वजन कसले? त्याला वाहून नेणारा भार माझ्याच अंगी असतो. म्हणून काठीवर भाराचा जो क्रमांक असतो, त्याच क्रमांकाची दोरी निवडावी लागते. आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या जलाशयाकाठी राहणाऱ्या सोपानने माझी निवड अशीच डोळ्यांत तेल घालून केली होती.

सोपान हौशी पाहुण्यांना होडीतून मासे धरायला नेई. त्याचा नेम कडक होता. महाशीर मासा धरायचा, निरखायचा आणि जिवंतच पाण्यात सोडायचा. चार वर्षे मी या व्रतात त्याच्यासोबत राहिले. पाहुणे त्याच्या हाताची स्तुती करीत, आणि मीही मनोमन त्यातला वाटा घेई.

पुढे उन्हाने आणि वाळूने माझ्या अंगावर बारीक चिरा पडल्या. तरंगणारे माझे टोक बुडू लागले. हा अपराध नव्हता, वार्धक्य होते. सोपानच्या मुलीने, हर्षालीने, मला चिमटीतून ओढून पाहिले.

"पप्पा, ही खरखरतीय. आता नवी आणा."

"लई दणकट हाय ती अजून! बैलाचा कासरा वीस वर्सं चालवला आमी, तेल पाजून पाजून."

"कासरा तेल पितो, पप्पा. प्लास्टिक नाय पीत!"

"आता तू शिकव मला," म्हणत त्याने करडईच्या तेलाची वाटी पुढे ओढली.

काय सांगू, मित्रांनो! त्या तेलाने माझे वरचे आवरण फुगले, सैल झाले, आणि चिरांतून आतला गाभा उघडा पडला. सोपान मात्र प्रेमाने चोळतच राहिला. मला वाचा असती तर मी आक्रोश केला असता.

पुढच्या रविवारी जुन्नरहून सावळेराम नावाचे पाहुणे आले. हर्षालीही होडीत होती. भर पाण्यात त्यांनी मला भिरकावले. मी पाण्यावर गोळा होऊन पडले.

"काय राव सोपानभाऊ, ही दोरी हाय का म्हातारीची वेणी?"

सोपान हसला. तेवढ्यात महाशीराने गळ गिळला. मी ताणली गेले, काठीच्या कड्यात चीर अडकली आणि मी तुटले. माझे अर्धे अंग माशामागे फरफटत गेले आणि पाण्यात बुडालेल्या एका बाभळीच्या खोडाला गुंडाळले गेले. मासा तिथेच जखडला.

"दोरीनंच घात केला!" सोपान ओरडला.

घात? मी? चार वर्षांच्या सेवेचे हे फळ!

"दोरीला बोल लावू नका!" हर्षालीने कात्री उचलली. "होडी वल्हवा आधी!"

सोपान वल्हवू लागला. खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून हर्षालीने माझे वेढे एकेक कापले. मासा कुशीवर कलंडला होता; कल्ले जेमतेम हलत होते. तिने गळ काढला आणि दोन्ही तळव्यांवर त्याला सावरून धरले. सावळेरामांनी टोपी काढून हातात धरली होती.

"जा रं बाबा, जा," सोपान पुटपुटला.

किती वेळ गेला कोण जाणे. मग शेपटी हलली, पुन्हा हलली, आणि मासा खोल पाण्यात दिसेनासा झाला.

"चुकलं माझं, पोरी," सोपान म्हणाला. "दोरीचं काय बी चुकलं नाय."

त्याच आठवड्यात नवी दोरी आली. आता प्रत्येक खेपेनंतर तो तिला साध्या पाण्याने धुतो, सावलीत पुसून ठेवतो आणि चिमटीतून ओढून तपासतो. मला कुठेही न फेकता हर्षालीने माझे तुकडे करून डब्यात बंद केले. कोणा पाखराच्या पायात मी अडकू नये म्हणून.

मित्रांनो, वस्तू जपाव्यात हे खरेच. परंतु थकलेल्याला वेळीच विसावा देणे हेही जपणेच होय. त्या महाशीराची जखम लवकर भरून येवो. सोपानच्या हाताला सदैव विवेकाची साथ लाभो, हर्षालीची दृष्टी अशीच जागी राहो. आणि माझ्या जागी आलेल्या त्या कोवळ्या दोरीचे आयुष्य सुखाचे जावो.