उच्च शिक्षा

भानुमती न्यासाच्या शिष्यवृत्तीचे दोन नियम सचिव रत्नाकररावांनीच आणलेले. अर्ज बारावी झालेल्या वर्षीच करायचा, आणि मुलाखत मराठीतून द्यायची. गुणपत्रिकेला पन्नास, घरच्या परिस्थितीला तीस आणि मराठीला वीस गुण. जबलपूरची मराठी पोरं शिष्यवृत्तीच्या मोहाने तरी आईची भाषा बोलतील, असा त्यांचा होरा. त्यांच्या स्वतःच्या नातवाला मराठीत 'पाणी दे' एवढंच यायचं, पण सचिवांच्या घरात डोकावतं कोण!

मुलाखतींच्या रविवारी विजय नगरच्या कार्यालयात सगळ्यात शेवटी अंजनी आली. खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरमधली, बाप तिथेच कामगार, बारावीला ब्याण्णव टक्के. अध्यक्ष भय्यासाहेबांनी विचारलं, "न्यासाकडून तुला काय पाहिजे, बेटा?"

पोरगी पाठ करून आली होती. ताठ बसून म्हणाली, "मला उच्च शिक्षा पाहिजे."

रत्नाकररावांच्या जिभेला हाड कधीच नव्हतं. "अरे बापरे! असा कोणता गुन्हा केलास तू? फाशी चालेल का?"

टेबलाभोवती हशा पिकला. भय्यासाहेबांचा चहा बशीत सांडला. अंजनीने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तीही हसली. रत्नाकररावांनी मराठीच्या रकान्यात वीसपैकी चार लिहिले. कार्यालयाच्या फळ्यावर यादी लागली, तेव्हा तीन गुणांनी तिचं नाव राहून गेलं होतं.

ज्यांची निवड झाली नाही, त्यांच्या मूळ गुणपत्रिका परत करायच्या असत. एका संध्याकाळी रत्नाकरराव लिफाफा घेऊन स्कूटरवर खमरियाला गेले. दारात अंजनीची आई भीमाबाई उभी होती. त्यांना पाहताच तिने डोक्यावर पदर घेतला.

"या साहेब, या! तुमचीच वाट पाहून राहिलो होतो." त्यांनी तोंड उघडायच्या आत तिने पेढ्यांची बशी पुढे केली. "पोरगी घरी आली तं म्हणे, साहेब लोक लई हसले, खूश झाले. मी म्हटलं, चलो, झालं काम! साऱ्या लाइनीत पेढे वाटले."

रत्नाकररावांनी पेढा तोंडात घातला. फळ्यावरची यादी इथवर पोहोचलीच नव्हती. त्यांनी गुपचूप लिफाफा पुढे केला. अंजनीने तो उघडला, गुणपत्रिका पाहिली आणि समजायचं ते समजली. आई मात्र अजून हसतच होती.

"काका," अंजनीने हळूच विचारलं, "मग तुम्ही काहून हसले होते?"

थाप मारायची सोय होती. पण त्या पोरीच्या डोळ्यांपुढे ती सुचेना. "मराठीत शिक्षा म्हणजे सजा, बेटा. शिकण्याला शिक्षण म्हणतात."

"अच्छा." ती कानापर्यंत लाल झाली. मग आत जाऊन एक कागद घेऊन आली. "मी तं हे पाहून पाठ केलं होतं. म्हटलं, यातलं चुकणार नाही."

न्यासाच्या कोऱ्या अर्जाची झेरॉक्स होती. छापखानेवाल्याला मराठी जमत नाही म्हणून रत्नाकररावांनीच तो हिंदीत छापून घेतला होता. वर ठळक अक्षरांत 'उच्च शिक्षा हेतु आवेदन', आणि खाली, सचिव म्हणून, त्यांची झोकदार सही.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात वर्षं हा कागद ते वाटत होते, आणि त्यावरचा शब्द एका पोरीने उच्चारला म्हणून तिला फाशी चालेल का विचारत होते. लाज अशी वाटली की मान वर होईना. "चूक माझी आहे, बेटा," ते कसंबसं म्हणाले. "यादी लागून गेली. आता..."

"नाही काका, माझीच मराठी कच्ची आहे," अंजनी त्यांचीच समजूत काढत म्हणाली. "मी शिकून राहिली आता. पुढच्या वर्षी नीट बोलीन."

पुढच्या वर्षी तिला अर्ज करता येणार नव्हता. तो नियमही त्यांचाच होता, आणि तो तिला सांगायचा अजून बाकी होता.