मस्की कुणाचा

डेल्मार आणि आर्लिस टोलेफसन हे नवराबायको आपल्या मालमत्तेचा ट्रस्ट करायला आमच्या वकिली ऑफिसात आले, तेव्हा टायपिंगला मीच बसले होते. आमच्या विस्कॉन्सिन राज्यात लग्नानंतर मिळवलेलं सगळं नवराबायकोचं निम्मं-निम्मं, आणि ट्रस्टमध्ये घातल्यानं त्यात काही फरक पडत नाही, हे आमच्या वकीलबाई रेनाटा रोज कुणाला ना कुणाला समजावत असतात.

घर, जमीन, बोट दोघांच्या रकान्यात भराभर गेली. तळ्याकाठची केबिन आर्लिसला वडिलांकडून मिळालेली, ती तिच्या एकटीच्या. गाडं अडलं माशापाशी.

दिवाणखान्यातला पेंढा भरलेला चार फुटी मस्की मासा डेल्मारनं 'फक्त माझा' म्हणून लिहिला होता. पहिल्या बायकोपासून झालेल्या मुलाला तो द्यायचा होता. हा मासा आपण पकडला, असं तीस वर्षं तो गावभर सांगत आला होता.

बाईंनी विचारलं, लग्नाआधी पकडलात का? नाही, लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. मग तो दोघांचाच, बाई म्हणाल्या; पकडला कुणी याला महत्त्व नाही. एकट्याचा करायचा असेल तर आर्लिसनं आपल्या अर्ध्या हिश्श्याचं बक्षीसपत्र करून द्यायला हवं.

"देते की," आर्लिस म्हणाली. "फक्त खरं काय ते लिहा. गळ माझा होता, मासा मी ओढला. यानं जाळी धरली होती, तीसुद्धा उलटी."

डेल्मारचे कान लाल झाले.

"तो कागद माझा मुलगा वाचेल का?"

"माशाबरोबर त्याच्याच हातात जाईल," बाई म्हणाल्या.

"मग राहू दे दोघांचा."

मी तसं टाइप केलं. आर्लिस जरा हिरमुसली. पण सही करता करता तिनं विचारलं, "निम्मा माझा ना? कोणता निम्मा?"

"शेपटीकडचा घे."

"गळ तोंडात होता, डेल्मार. मी तोंड घेणार."

त्या शुक्रवारी सपर क्लबात, म्हणजे आमच्या गावच्या जेवणाच्या हॉटेलात, ते दोघे माझ्या शेजारच्याच टेबलावर तळलेले मासे खात होते. नव्या वेटरनं गावात ऐकलेल्या त्या मस्कीबद्दल विचारलं. डेल्मारनं ब्रँडीचा ग्लास खाली ठेवला, बायकोकडे पाहिलं.

"आम्ही पकडला," तो म्हणाला.

"हं, सांग पुढे," असं म्हणत आर्लिसनं त्याच्या ताटातला एक तुकडा उचलला.