हिरवट कडेची काच

माझ्या नवऱ्याने माझा केसाने गळा कापला, तोही भर सभेत आणि अतिशय सभ्य आवाजात.

आम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत. दोघंही हंगामी, आणि कायमची जागा एकच. आमचे प्रमुख, म्हणजे सर, गमतीने म्हणायचे, "घरातल्या घरात भांडून ठरवा." आम्ही हसायचो. मी मनापासून हसायचे, इतकी मी बावळट.

काम सौर पट्ट्या करण्याचं. काचेवर आधी धातूचा मुलामा, त्यावर तांबं, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियम यांचा केसाहून पातळ थर. वीज होते ती त्या थरात. त्याला चिमूटभर सोडियम मिळालं की तो खुलतो, आणि साध्या काचेत सोडियम असतंच. तापवताना ते आपसूक वर चढतं. माझा दावा होता की सोडियम अजिबात नको, वरून दिलेलं पोटॅशियम एकटं पुरे. त्यासाठी सोडियम नसलेली महागडी काच लागते. काचांवर मुलामा चढवायचा नवरा, पुढचं सगळं मी करायचे. माझ्या पट्ट्यांनी प्रयोगशाळेतले आजवरचे आकडे मागे टाकले. सून जिंकली म्हणून सासूबाई जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटल्या.

निवडीआधी सगळ्यांपुढे काम मांडायचं होतं. मी मांडलं, टाळ्या पडल्या. मग नवरा उठला. "एक पट्टी जरा उजेडात आडवी धरता का?" घरात तू, सभेत तुम्ही. मी धरली. महागड्या काचेची कड स्वच्छ दिसते. ही हिरवट होती. खिडकीला लावतात तसली साधी काच. कपाटात कुणीतरी खोक्यांची अदलाबदल केली होती.

"म्हणजे सोडियम होतंच की," तो हळहळला. "इतकी प्राथमिक चूक व्हायला नको होती."

मी कड कधी पाहिलीच नव्हती. काच नवऱ्याने दिलेली, ती काय तपासायची?

घरी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिलं खोकं उघडलं तेव्हाच." तो मोजे काढत होता.

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "अगं, जागा घरातच राहतेय ना? त्याला काय आणि तुला काय." त्या हाताची मला किळस आली.

पुढे तर त्याने कमालच केली. माझ्याच पट्ट्या स्वतःच्या म्हणून मांडल्या. खालून काचेतलं सोडियम, वरून पोटॅशियम, दोघांची जोडी सगळ्यांत भारी, ही म्हणे त्याची कल्पना. सरांना आकड्याशी मतलब. माझं काम आता एवढंच, की निवडीच्या दिवशी पाहुण्यांना पट्ट्या तापवायच्या यंत्राचं झाकण उघडून दाखवायचं.

निवडीला बाहेरून एक तज्ज्ञ बाई आल्या होत्या. यंत्रापाशी उभ्या राहून त्यांनी त्याला साधाच प्रश्न केला. "पोटॅशियम देताना पट्टी किती तापवलीत?"

"अडीचशे अंश," नवरा छाती काढून म्हणाला. मी काटा अडीचशेवर ठेवते हे त्याने पाहिलं होतं. आतली उष्णता मोजणारी तार लोंबून पट्टीपासून लांब गेली आहे, काटा शंभर अंश कमी दाखवतो, म्हणजे पट्टी खरी साडेतीनशेला तापते, हे त्याने पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं. आणि त्याने विचारलं कुठे होतं?

बाईंच्या कपाळाला आठी पडली. "अडीचशेला पोटॅशियमचं मीठ वरच बसून राहील. आत शिरणारच नाही. मग हा आकडा आला कुठून? या पट्ट्या नक्की तुम्हीच केल्यात?"

तो ततपप करू लागला. सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर इतक्या आशेने त्याने माझ्याकडे कधी पाहिलं नसेल. तारेबद्दलचं एक वाक्य बोलले असते, तर तो तरला असता.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काही सांगता येईल?"

"मी फक्त झाकण उघडते," मी म्हटलं.

जागा एका तिऱ्हाइताला मिळाली. आमची हंगामी कामंही सरांनी पुढे चालू ठेवली नाहीत. प्रयोगशाळेची शोभा झाली म्हणे. खाली उतरताना नवरा पायरीवर मटकन बसला.

"तुला माहीत होतं. एक शब्द बोलली असतीस तर... आता खायचं काय आपण? आईला काय सांगू?" तो हमसून रडायला लागला, येणारीजाणारी माणसं थबकून बघत होती.

मी एक पायरी वर उभी राहून पोटभर बघून घेतलं. फार बरं वाटलं मला. मग वाट अडत होती म्हणून त्याला म्हटलं, "जरा सरक."