वाफ्यातली मायकेन

अँटवर्पच्या छापखान्यात ‘वसंत’ या चित्राचा पहिला कागद निघाला आणि मालक हेंड्रिक पोट धरून हसायला लागले.

“यूस्त, अरे ही पोरगी डाव्या हाताने बी टाकतेय. गिऱ्हाइकं माझी टर उडवतील.”

त्यांनी कागद चुरगळून शाई पुसायला टाकला. बाकी चित्र झकास होतं. लोकर कातरणारे गडी, फुलांचे वाफे, माळी. तांब्याच्या पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं, म्हणजे कागदावर सुलटं उतरतं, हे यूस्तच्या हाडीमांसी मुरलेलं. पण वाफ्यातली ती पोरगी कोरताना तो नेमकं तेच विसरला, कारण ती त्याची मायकेन होती. गेल्या उन्हाळ्यात प्लेगने नेलेली. डोळ्यांपुढे उभी राहिली तशीच त्याने तांब्यावर उतरवली. गरिबाच्या लेकीचं चित्र काढतो कोण? तिचं म्हणून एवढंच मागे उरलं होतं.

“मालक, राहू द्या तिला. माझी लेक आहे ती.”

“ठाऊक आहे रे. पण तू नाही बदललंस, तर पीटरला देतो. तो तिच्या जागी मेंढी कोरून मोकळा होईल.”

यूस्त पत्रा घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोने, लिस्बेटने, झग्याला हात पुसून लेकीच्या तोंडावरून बोट फिरवलं.

“हीच माझी पोर. ओठ बघा कसे काढलेत. कामाला लावलं की अश्शीच फुगायची. नका हो खोडू.”

“मी खोडलं नाही तर पीटर खोडेल. पुन्हा कोरतो ना मी, कागदावरही सुलटी येईल.”

“हीच येईल?”

“येईल की. हात माझाच आहे.”

तिने पत्रा सोडला.

यूस्तने मायकेनला खरवडून काढलं, पत्रा पालथा घालून हातोडीने खळगा वर आणला, घोटून जागा गुळगुळीत केली. मग प्रत्येक रेघ उलटी मोजूनमापून त्याने तिला पुन्हा कोरलं. या खेपेला काही चुकलं नाही. मालक खूश झाले, एक कागदही दिला.

लिस्बेटने तो खिडकीपाशी नेला, उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला.

“छान आलंय,” ती म्हणाली. “पोरगी कुणाची घेतलीत?”